ज्ञानूच्या सोप्यातून जगाची फेरी

मुक्काम ज्ञानूचा सोपा,
चिंचेवाडी, कडेगावाजवळ.
बुधवार, ता. १२ फेब्रुवारी १९४७

तीर्थस्वरूप नानासो मामा यांच्या पायांवर भाचा कृष्णात याने डोके टेकून केलेला नमस्कार पोचावा. येथील माणसे व जनावरे आपल्या आशीर्वादाने बरी आहेत. आपला गुडघा या थंडीत कसा राहिला, मामींचा खोकला गेला की मुक्कामी आहे, आणि हळदीच्या पेठेत आपला काटा यंदा कसा चालला आहे, ते सविस्तर कळवण्याची कृपा व्हावी. (शाळेत शिकलेलं मराठी हितवरच पुरतं, मामा. हितनं पुढं घरचं.)

वरचा पत्ता वाचून तुमी चष्मा पुसायला घेतला असंल. पुसू नका, बरोबर वाचलंय. तुमी सांगलीत बसून समजत असाल की भाचा आपल्या घरात तंगड्या पसरून सर्कशीच्या सांगाव्याची वाट बघतोय. वाट बघतोय हे खरं, घरात मात्र न्हाई. मी जगाच्या फेरीला निघालो त्यो दोन जानेवारीला, गुरुवारी, सकाळी सव्वाआठला. त्याला आज एकेचाळीस दिस झालं. एवढ्या दिसांत मी चाळीस पावलं आलोय. मोजून चाळीस, दुसरं काम न्हाई, म्हणून चारदा मोजलीत.

ह्याला कारण आई. तुमची बहीण हाय, तुमाला नव्यानं काय सांगू. १९४० साली मी खेचरांच्या पलटणीत भरती व्हायला निघालो, तवा वेशीपतोर गेलो आणि चंची विसरली म्हणून माघारी आलो. कोनाड्यातली चंची घेतली आणि परत पळालो. वर्साभरात येतो म्हणून गेलेला माणूस बसरा, मिसर, इटली करत सहा वर्सांनी आला. लढाई कशापायी लांबली ह्याची कारणं मोठ्या माणसांनी पेपरात लय दिली असतील; आईपाशी एकच कारण हाय, चंची. म्हणून अवंदा तुमी शब्द टाकून लालासाहेब मालकांच्या सर्कशीत मला घोड्यांच्या कामावर चिकटवलं, आणि सर्कस सगळ्या जगाला वळसा घालून येणार असं कळलं, तवा आई म्हणली, जायचं तर जा, पर रीतीनं जा.

रीतीनं म्हंजे जोशीबुवांनी पंचांग उघडलं. चांगला दिस निघाला गुरुवार आणि सर्कशीची गाडी सोमवारी. मग मधल्या चार दिसांपुरतं पस्तान ठेवायचं ठरलं. म्हंजे मुहूर्तावर कापडाचं गाठोडं आणि माणूस घरातनं भाईर काढायचं, आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेला दुसऱ्याच्या घरात नेऊन ठेवायचं. झाला प्रवास सुरू. आता आपल्या घराचा उंबरा चढायचा त्यो जग फिरून आल्यावरच. (हे तुमाला ठाऊक हाय, मामा. मी माझीच समजूत घालतोय.)

लोकांची पस्तानं आत्याकडं असत्यात, मावशीकडं असत्यात. मिरज पडली दक्षिणेला, आणि आमच्या घरापासनं दक्षिणेला घर एकच, ज्ञानूचं. आणि ज्ञानूचं आमचं बोलणं बंद. चूक माझीच होती. लढाईवरनं आल्यापासनं माझं चित्त एका जागी ठरत न्हाई, हे तुमी बघितलंयच. जेवताना उठतो, बसलो की पाय हलतो, कडेगावचा बाजार नसला तरी कडेगावला जाऊन येतो. असाच जून महिन्यात नांगर धरला होता आणि डोकं इटलीतल्या कुठल्या डोंगरावर होतं देव जाणे, बैल आपल्या मनानं चालले, आणि मी ज्ञानूच्या रानात दोन तास, म्हंजे नांगराच्या दोन रेघा, आत शिरलो. बांध उकरला गेला. तवापासनं त्यो मला बघितलं की मान फिरवून थुंकायचा. तर आई स्वतः गूळ-खोबरं घिऊन त्याच्या बायकोकडं, दगडाबाईकडं गेली. ज्ञानूनं ऐकलं आणि लगीच व्हय म्हणला. हा वर्सभर गावातनं जाणार असंल तर चार दिस मी त्याला डोक्यावर बशीवतो, म्हणला. त्या बिचाऱ्याचं गणित बरोबर होतं. सर्कशीचं चुकलं.

त्या दिशी तुमाला बोलावणं धाडलं न्हाई, त्याचा राग धरू नका. तुमचं तोंड वाईट असं आई म्हणत न्हाई; तुमचा प्रश्न वाईट असं म्हणती. निघालेल्या माणसाला ‘कुठं निघालास’ म्हणून हटकू नये, हटकलं तर त्यानं माघारी फिरावं, पाणी प्यावं, घटकाभर बसावं, हे शेंबड्या पोरालाबी कळतं. आणि तुमी पेठेत काट्याशी बसून येणाऱ्याजाणाऱ्या दर माणसाला तेच विचारता. आकाराम पोरगी बघायला निघाला होता, तुमी विचारलंत, त्यो पाणी प्यायला माघारी गेला आणि तोवर मोटर सुटली. अजून त्याच्या घरात चूल त्योच पेटवतो. म्हणून आईनं तुमाला लांब ठेवलं आणि गावात घरोघर फिरून सांगून आली की कृष्णातला कुणी त्यो शब्द विचारायचा न्हाई. आता मी रस्त्यानं चाललो की पोरं तोंडावर हात धरून बाजूला होत्यात. पलटणीत सुभेदाराला एवढा मान नव्हता.

तर गुरुवारी वाजतगाजत निघालो. लेझीम झालं, हेडमास्तरांचं भाषण झालं (त्यात कोलंबो आणि कोलंबस ह्यांची थोडी गल्लत झाली, पर भाव चांगला होता), गळ्यात झेंडूची माळ पडली, आणि सगळं गाव मला चाळीस पावलं पोचवून ज्ञानूच्या दारातनं माघारी गेलं. सोमवार आला, आणि तुमचं पयलं कार्ड आलं: बोटीत जागा न्हाई, आठ दिस थांबा. मग दुसरं: हत्तीण मिरजेला रेल्वेच्या वाघिणीत, म्हंजे मालडब्यात, चढंना. (आवं, हत्तीणीला वाघिणीत चढवायला मालकांनी केळी दाखवली म्हणं. मी असतो तर आदी वाघिणीत वाळली वैरण पसरली असती, पायाखाली पोकळ वाजतंय म्हणून जनावर भितं. खेचरांचं तेच.) मग तिसरं कार्ड, तंबूच्या कापडाचं परमीट न्हाई. चौथं, सिंहाला जुलाब. अशी सहा कार्डं पोचली. दर कार्डाला ज्ञानू पोस्टमनच्या पुढं जाऊन उभा राहायचा, आणि मजकूर ऐकून मटदिशी खाली बसायचा.

त्यातच जोशीबुवांनी सांगितलं की पस्तान पाच दिसांनी शिळं होतं. मग उपाय काय, तर दर पाच दिसांनी मी गाठोडं उचलायचं, ज्ञानूच्या गोठ्याला एक फेरी मारायची आणि नव्यानं ठेवायचं. असा मी आजपतोर आठ वेळा परदेशी निघालोय. दारालगतच्या सोप्यात माझ्या शेजारी ज्ञानूची म्हस असती. सुरवातीला ती मला आणि मी तिला झोपू देत नव्हतो, मग मी तिला इटलीतल्या खेचरागत ‘अवांती’ म्हणायला लागलो. तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ, चला पुढं. चार दिसांत म्हस अशी शिकली की आता त्याबिगर ती पाण्यावर जातच न्हाई. परवा ज्ञानू भर ओढ्याकाठी तिच्याफुडं उभा राहून हळूच ‘अवांती’ म्हणताना मी माझ्या कानांनी ऐकलं. मला बघून लाजला. त्या दिशी आमचं बोलणं सुरू झालं. मी त्याच्या गुऱ्हाळावर चुलवाणात जाळ घालतो, आणि बांधाचे दोन तास त्याला दोरी लावून परत मोजून दिलेत. दगडाबाई मात्र म्हणती, एवढं शानं होतं तर जूनमदीच व्हायचं हुतं.

आता जेवणाचं. भाकरी घरनं येती, कारण दुसऱ्याच्या घरी पस्तान ठेवलं तरी पोट काय पस्तानाचं नसतं. घेऊन येती आमची हरणा. मी भरतीला गेलो तवा ती दीड महिन्याची होती. आलो तवा सहा वर्सांची. तिनं मला बघितलं आणि आजीच्या लुगड्यामागं गेली. तवापासनं ती मला ‘पाव्हणं’ म्हणती. दहा महिने एका घरात राहिलो, पर तिच्या लेखी पाव्हणाच. ‘पाव्हणं, आंघूळीचं पानी काढलंय.’ ‘पाव्हणं, आई बलावतीया.’ लीलाबाई (तुमची भाचेसून) तिला ‘बापाला दादा म्हणावं’ म्हणून दटवायची, पर मी म्हणलं, असू दे. पोरगीची चूक न्हाई. सहा वर्सांत तिला बाप म्हणून दिसली ती माझी पत्रं, आणि पत्रात गावाचं, देशाचं नाव आलं की तपासणारा साहेब त्याच्यावर काळी शाई फासायचा. आईनं ती पत्रं ट्रंकेत जपून ठेवलीत. हरणा त्यातल्या काळ्या पट्ट्या बोटानं दाखवून विचारायची, हितं काय लिवलंय, आणि आई सांगायची, हितं त्यो कवा येणार ते लिवलंय.

तर सोप्यात पयले आठ दिस हरणा भाकरी उंबऱ्यावर ठेवून पळून जायची. नवव्या दिशी मी मालकांनी दिलेला कागद वाचत बसलो होतो, त्यात सर्कस कुठनं कुठं जाणार ते ओळीनं लिहिलंय, सगळे मिळून चौदा देश. ती थांबली. म्हणली, ह्यात काळं न्हाई व्हय? म्हणलं, न्हाई, ह्यात सगळं वाचता येतंय. बसली. मी म्हणलं, आज सिलोन. आता सिलोन मी कवा बघितलंय! सांगलीचा कृष्णेचा घाट घेतला, त्याच्यावर नारळाची झाडं लावली, मगर सोडली, आणि झालं सिलोन. दुसऱ्या दिशी ब्रह्मदेश. मग मलाया, जावा, सयाम. तिळगूळ घिऊन आली त्या दिशी आमी सयामात होतो. मधले काही दिस ती आली न्हाई, तर मी एका देशात अडकून पडलो, पुढं गेलो न्हाई. तिला चुकू नये म्हणून. अमेरिका दोन दिस चालली, कारण तिला उंच घरांत शेरडं कशी चढवत्यात हे पटंना. इटली, मिसर, बसरा मात्र मी डोळ्यांनी बघितलेलं सांगितलं. बर्फात खेचराच्या कानाला फडकं बांधलेलं सांगितलं. एका म्हातारीनं आमा चौघांना चिंचुक्याएवढ्या चार बटाट्यांची भाजी वाढली आणि आपण न खाता बघत बसली, ते सांगितलं. हे मी पलटणीतनं आल्यापासनं कुणालाच सांगितलं नव्हतं. गावात सगळी विचारायची ते किती मारले. हरणानं विचारलं, त्या म्हातारीचं जेवान कुणी आनून दिलं?

आणि दर देशाला तिचा एक प्रश्न ठरलेला. तिकडची पोरं बापाला काय म्हणत्यात? मलायात ‘बापा’, मिसरात ‘बाबा’, इटलीत ‘पापा’, विलायतेत ‘डॅडी’. (सयामचं मी ठोकून दिलं, देव माफ करो.) ती एकेक शब्द तोंडात घोळवून बघायची, खुदुखुदु हसायची आणि जाताना म्हणायची, जाते पाव्हणं, ताट उद्या द्या. आपल्यात काय म्हणत्यात, हे मी तिला विचारलं न्हाई. विचारून आलेलं काय कामाचं?

तिकडच्या गोष्टी राहू द्या. हितनं आपलं घर दिसतं, मामा. घरात असताना मला ते कवा दिसलंच नव्हतं, मी सारखा दाराकडं बघायचो. हितनं दिसलं की आई दिवेलागणीला तीनदा भाईर यिऊन वेशीकडं बघती. मी हितं उजवीकडं बसलेला असतो, पर ती वेशीकडंच बघती. सहा वर्सांची सवय. लीलाबाई पाण्याची घागर उतरवताना एक पाय जपती. कधीपासनं, ते मला ठाऊक न्हाई. कौलाची एक रांग घसरलीया आणि पावसाळ्यात हरणाच्या आंथरुणावर गळणार, हे हितनं सरळ दिसतं. मी शिडी लावून चढू शकत न्हाई, कारण मी परदेशी हाय. एवढे देश बघितले, पर लांबनं बघून जीव तुटावा असं हे एकच घर.

आता खुशीची बातमी. तुमचं सातवं कार्ड काल पोचलं: हत्तीण चढली, बोट ठरली, शुक्रवारी दुपारी मिरजेला हजर. मालकांचा कागद आमी दोघांनी परवाच संपवला. त्या हिशेबानं मी जग फिरून मुंबईला उतरलोय. तसं मी आईला सांगूनबी बघितलं, पर ती म्हणली, कागदावर फिरलास तर उंबराबी कागदावरच चढ. तवा शुक्रवारी सकाळच्या सर्व्हिस मोटरनं मी निघतोय. पाय लय शिवशिवत्यात. लेझीम झालंय, माळ पडलीया, तुमी मालकांना शब्द दिलाय, माघार कशी घ्यायची? आणि माझ्यासारख्या फिरत्या माणसाला घरात काय हाय? काही काळजी करू नका. मी आनंदात हाय. मामींना नमस्कार, पोरांना गोड पापा.

आपला आज्ञाधारक भाचा,
कृष्णात

ता. क. मिरजेला भेटायला आलात तर खोकल्याच्या औषधाची बाटली परत आणून देतो. तीन वर्सं झाली, आईनं तीत घासलेट भरलंय, पर बाटली तीच हाय.

ता. क. दुसरा. मामा, खरं लिहितो, फाडून टाका. मला जायचं न्हाई. तोंडानं सांगायची सोय न्हाई, माझीबी न्हाई आणि तुमच्या शब्दाचीबी. तर एवढं करा. शुक्रवारी सकाळी पयल्या मोटरनं हिकडं या. मोटर थांबती त्या पिंपळाखाली उभे राहा. मी ट्रंक घिऊन आलो की गावादेखत, मोठ्या आवाजात, नेहमीचं तेवढं विचारा. जन्मभर सगळ्यांना विचारलंत, एकदा भाच्याला विचारा. आईचा राग मी बघून घेतो.

ता. क. तिसरा. शुक्रवार, ता. १४, सकाळ. पत्र टाकायचं राहिलं. काल पोस्टमन आलाच न्हाई. म्हंजे तुमी येणार न्हाई हे मला ठाऊक होतं, तरी पिंपळाकडं मान वर करून बघितलंच. ट्रंक ज्ञानूनं आपणहून डोक्यावर घेतली होती. गाव दोन्ही बाजूंनी उभं, आणि एकाचं तोंड उघडं न्हाई. आईनं हातावर दही घातलं. लीलाबाई दाराशी उभी होती, ती माझ्याकडं न बघता माझ्या पायांकडं बघत होती. मी आपल्या घरावरनं पुढं गेलो. धा पावलं गेलो असंन, मागनं पळत आल्याचा आवाज आला आणि हरणानं माझ्या हातातला तांब्या धरला.

‘कुठं निघालास दादा? तांब्या आजीचा हाय.’

मामा, पोरांनी परत तोंडावर हात धरले. ज्ञानूनं ट्रंक खाली ठेवली न्हाई. डोक्यावर तशीच ठेवून नुसता गर्रकन वळला आणि आमच्या घराकडं चालायला लागला. मी आईकडं बघितलं. आई नातीकडं बघत होती. मग म्हणली, ‘हटकलं तर आता इलाज न्हाई. चल, पाणी पी, गूळ खा, घटकाभर बस. मग नीघ.’ उंबरा चढलो. पाणी प्यालो, गूळ खाल्ला, बसलो. भाईर मोटरनं तीनदा शिंग वाजवलं. परड्यात कुणी वांगं तोडलं तर घरात बसून ओळखणारी माझी आई, तिला ते आज ऐकू गेलं न्हाई. घटका किती मिनिटांची हे जोशीबुवांना ठाऊक, आणि त्यांना विचारायला अजून कुणी गेलं न्हाई.

ता. क. चौथा. लालासाहेब मालकांना तुमीच भेटा आणि सांगा, शकुन आडवा आला. घोड्यांच्या कामाला आमच्या पलटणीतला तासगावचा गुंडा नावाचा गडी घ्या म्हणावं. जनावरात चांगला हाय आणि त्याला ‘दादा’ म्हणणारं अजून कुणी न्हाई. हत्तीणीला मात्र वाळली वैरण पसरायला विसरू नका. तुमी आता खुशाल या, आईनं बंदी उठवलीया. आल्यावर काय वाटंल ते विचारा. फकस्त पुढं काय करणार, एवढं विचारू नका. आज कौलं चढवणार हाय. उद्याचं मला ठाऊक न्हाई. पाय अजून शिवशिवत्यात, तुमच्याशी खोटं कशाला बोलू. पर आत्ता त्यांच्यावर हरणा बसलीया, आणि मला तिला ऊठ म्हणवत न्हाई.